उपचारातले घर : बालकर्करोग आणि कुटुंब या अभ्यासविषयाची प्रस्तावना

लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे एक तृतीयांश रक्ताचे असतात. त्यांत सर्वाधिक आढळतो तो अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, आणि तो बहुधा दोन ते पाच या वयात गाठतो. त्याचे उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. पहिले काही महिने फार जड जातात. शिरेतून औषधे, पाठीतली इंजेक्शने, रक्त चढवणे, रक्तातल्या पेशी कमी झाल्या की पुन्हा दाखल होणे, असे चक्र सुरू असते. पुढचा लांबलचक टप्पा मेंटेनन्सचा. त्यात मूल घरी राहते. रोज सिक्स-मर्कॅप्टोप्युरीनची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, आणि ठरल्या तारखेला तपासणी. म्हणजे मूल बरे होण्याच्या या प्रवासातले निम्म्याहून अधिक दिवस घराच्या हाती असतात. गोळी आई देते, अंग तापले आहे का ते आजी बघते, पुढची तारीख बाप सांभाळतो. कुटुंब हा या उपचाराचाच एक भाग आहे, आणि औषधाच्या मात्रेचा व्हावा तितक्याच काटेकोरपणे त्याचा अभ्यास व्हायला हवा. आमच्या विषयाचा पाया हाच आहे.

या विषयात डॉक्टर लागतात, तसेच समाजकार्याचे विद्यार्थी, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, मानवशास्त्रज्ञ, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक शिक्षकही लागतात. उपचारांतून गेलेले आईबाप तर हवेतच, कारण मूळ सामग्री त्यांच्यापाशी आहे. इथे कुणालाही परकेपणा वाटू नये. शरीरशास्त्राची पूर्वतयारी नसली तरी चालेल. एखाद्या घराचा दिवस कसा जातो हे बारकाईने पाहण्याची तयारी मात्र हवी.

आम्ही हा विषय रायगडातल्या महाड-पोलादपुरातून मांडतो आहोत, त्याला कारण आहे. बालकर्करोगावरचे लेखन बहुतेक रुग्णालयाच्या खिडकीतून झालेले आहे. कुटुंब रांगेत उभे राहते तिथून पुढचे त्यात दिसते. ते जिथून निघाले ती वाडी, तिथली भावकी, शेत, मागे राहिलेली दुसरी मुले यांची नोंद त्यात फार थोडी. पोलादपूरहून टाटा रुग्णालय असलेले मुंबईतले परळ दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. त्या अंतरात काय काय घडते ते समजल्याशिवाय रुग्णालयातले कुटुंबही पुरते समजत नाही.

परळ या भागाला नवे नाही. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने लालबाग-परळच्या गिरण्यांत आयुष्य काढले. गावाच्या नावाने घेतलेल्या खोलीत पाळीपाळीने पथारी टाकली, पगार गावी पाठवला. आज त्याच परळला आमची माणसे मुलांना घेऊन 'टाटाला' जातात. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. पण मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाशी परळचे नाते त्याहूनही जुने आहे, आणि ते विद्यार्थ्यांना सहसा कुणी सांगत नाही. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. मुंबईतल्या गरीब, गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या एका जीवघेण्या पांडुरोगाचा ती शोध घेत होती. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. आंध्रातून अमेरिकेत गेलेले जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले, आणि त्याला विरोध करणारी द्रव्येही तिथेच तयार झाली. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यांतले अमिनोप्टेरिन ल्युकेमियाच्या मुलांना दिले. १९४८ च्या त्यांच्या निबंधात १६ मुलांपैकी १० जणांना काही काळ आराम पडल्याची नोंद आहे. त्याआधी या आजाराला हात लावता येईल असे औषधच नव्हते. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट आज बिरवाडी किंवा कापड्याच्या एखाद्या घरात फळीवरच्या डब्यात असू शकते. मजूर बायकांच्या आजाराकडे कुणीतरी मन लावून पाहिले, त्यातून ही वाट निघाली.

पुढची पावलेही परळचीच आहेत. डॉ. सुरेश अडवानी यांनी १९८३ मध्ये टाटामध्ये देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती आणि मज्जा तिच्या भावाची. पाठोपाठ मुंबई, दिल्ली आणि चेन्नईच्या रुग्णालयांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साहाय्याने एमसीपी-८४१ नावाची उपचारपद्धती आखली. तोवर पाचातले एखादे मूल वाचत असे. या पद्धतीने निम्म्याच्या आसपास मुले वाचू लागली, आणि आज योग्य उपचार पुरे झाले तर याहून बरीच अधिक वाचतात. सधन देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. औषधे बहुतांशी तीच आहेत. हा फरक निदानाला लागलेल्या वेळात आहे, उपलब्ध सोयीत आहे, आणि फार मोठ्या प्रमाणात उपचार अर्धवट सुटण्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी जागतिक उपक्रम सुरू केला आणि २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचावीत असे उद्दिष्ट ठेवले, ते हे ओळखूनच.

उपचार सुटतात याला दीर्घकाळ पालकांचे अज्ञान किंवा निष्काळजीपणा म्हटले गेले. आमच्या विषयातले सर्वांत मोलाचे काम या समजुतीला धक्का देणारे आहे. टाटा रुग्णालयातच २००९ च्या सुमारास साधारण पाचातले एक मूल उपचार नाकारत किंवा मधेच सोडत असे. राहण्याची सोय, जेवण, आर्थिक मदत, समुपदेशन आणि चुकलेल्या तारखेनंतर लगेच फोन, असे सगळे एका गटाने एकत्र हाती घेतल्यावर काही वर्षांत ते प्रमाण पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरले. आईबाप तेच होते, त्यांची माया तीच होती. तग धरायला लागणारा आधार मिळाला, एवढेच बदलले. रुग्णालयात समाजकार्यकर्ता हवा ही कल्पना मुंबईला जुनी आहे. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, म्हणजे आजची टिस, १९३६ मध्ये निघाली, आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता नेमला गेला. या विषयाचा नवा वाचकही त्या परंपरेचा वारसदार आहे.

आता महाड-पोलादपूरचे घर पाहू. बाप बहुधा मुंबईच्या पट्ट्यात नोकरीला, आई गावी, सोबत सासू. मुलाच्या अंगावर निळे डाग उठतात, ताप हटत नाही, पाय दुखतात म्हणून ते चालत नाही. पहिले औषध गावच्या दवाखान्यातले, मग महाडच्या बालरोगतज्ज्ञाकडचे, मग रक्ताचा रिपोर्ट, आणि त्याच रात्री मुंबई. एका आठवड्यात घराचे दोन तुकडे होतात. आई-बाप आणि आजारी मूल तिकडे. थोरली मुलगी, म्हातारी आणि गुरे इकडे. पूर्वी अशा वेळी परळला गावाची खोली असे, चुलता-मामा असे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या, आणि आमचे नातेवाईक दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरारला पांगले. पेशी उतरलेल्या मुलाला घेऊन तिथून लोकलच्या गर्दीत परळ गाठणे म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. म्हणून नाना पालकर स्मृती समितीचे सदन, दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, आणि २००६ पासून अशा मुलांच्या कुटुंबांना मोफत राहायला देणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स यांचा विचार आम्ही उपचाराच्या प्रकरणात करतो. दानधर्माच्या प्रकरणात करत नाही. आईला तिथे चूल मिळते, मुलाला घरचा भात मिळतो. खारघरचे टाटाचे केंद्र तर रायगडातच आहे, पण खेपा करणाऱ्याला तेही जवळ नाही. गावाच्या मुंबई मंडळाची वर्गणी हा आणखी एक आधार. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी उभी राहिलेली ही व्यवस्था आजारी मुलासाठी रातोरात पैसे कसे गोळा करते, यावर एखाद्या विद्यार्थ्याने खरोखर प्रबंध लिहावा.

सरकारी योजनेबद्दल थोडक्यात. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. केमोचा बराच खर्च तिच्यातून भागतो. बुडालेली मजुरी, गाडीभाडे, दुसऱ्या मुलांचे हाल यांना तिच्यात रकाना नाही. दिवाळीनंतर भट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाकडे तर योजनेला लागणारा कागदच अनेकदा नसतो.

आणि पाऊस. बालकर्करोगाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सावित्री नदी येत नाही. आमच्याकडे तिच्याशिवाय वेळापत्रक लिहिता येत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिच्यावरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसट्यांसह वाहून गेला. जुलै २०२१ मध्ये महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. २२ तारखेला तळियेवर दरड कोसळली, पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळ्यालाही. अशा दिवसांत एखाद्या मुलाची गोळी संपत आलेली असेल किंवा त्याला ताप भरलेला असेल, तर घराने काय करायचे? जूनच्या आधी औषधाचा साठा किती ठेवावा, रस्ता तुटला तर कोणत्या डॉक्टरला फोन करावा, हे आधी ठरवून ठेवणे हे या भागातल्या संशोधकाचे काम आहे. गणपतीत आणि शिमग्याला गाव भरते तेव्हाचाही विचार असाच करावा लागतो. पालखी दारात आली की आजारी नातवाला पुढे आणावे असे आजीला वाटणारच. तिला नुसते दटावून भागत नाही. गर्दीत कांजण्या किंवा गोवराचे एखादे मूल असले तर नातवाच्या जिवावर बेतू शकते, हे तिला पटेल असे सांगणारे माणूस लागते. आशाताई हे फार चांगले करू शकतात.

घरात सर्वांत जास्त लपवाछपवी चालते ती मुलापासून. १९७८ मध्ये मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ विदुषीचा ग्रंथ आला. ल्युकेमिया झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये बराच काळ राहून तिने दाखवले, की कुणी काही न सांगताही या मुलांना आपल्या आजाराचे गांभीर्य कळलेले असते, आणि मोठ्यांना वाईट वाटू नये म्हणून ती न कळल्याचे सोंग वठवतात. या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने हे काम वाचावे असा माझा आग्रह आहे. त्याच्या जोडीला एक गोष्ट आपण आपल्या घरांतून शोधायला हवी. आजीकडे ठेवलेल्या भावंडांना काय सांगितले जाते, आणि त्यांना स्वतःला काय वाटते? 'दादाला खाऊ, मला काही नाही' यामागे राग आहे की भीती, हे कुणी विचारलेले नाही.

दुसरा जड भाग म्हणजे दोष. सून घरात आली तेव्हापासून, गरोदरपणी ग्रहणात काहीतरी चिरले म्हणून, कुणी करणी केली म्हणून. कौल लावला जातो आणि बोट बहुतेकदा आईकडे वळते. हल्ली कारखान्यांचे नावही घेतले जाते. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रदूषणाचा जाब जरूर विचारावा. पण एका मुलाच्या आजाराबाबत शास्त्र स्पष्ट आहे : बहुसंख्य बालकर्करोगांमागे बाहेरचे कोणतेही एक कारण सापडत नाही, आणि आईच्या खाण्यापिण्याने किंवा वागण्याने हा ल्युकेमिया झाला असे म्हणायला आधार नाही. हे वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर, आईच्या देखत, डॉक्टरांनी मोठ्याने म्हणावे. मुलींच्या बाबतीत आणखी एक काळजी आहे. भारतातल्या रुग्णालयांत पोचणाऱ्या मुलांमध्ये मुलींचे प्रमाण आजाराच्या मानाने असायला हवे त्याहून कमी आढळते. चार वर्षांच्या पोरीच्या उपचारांच्या वेळी तिच्या लग्नाची चिंता बोलून दाखवली जाते, तेव्हा त्या आकड्यामागचे घर आपल्याला दिसते.

या तालुक्यांतून जगाला शिकवण्यासारखे काही निघेल का, अशी शंका कुणाला असेल तर डॉ. हिम्मतराव बावस्करांचे काम आठवावे. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या या डॉक्टरांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्री काढून निरीक्षणे लिहिली, ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली, आणि प्राझोसिन या औषधाच्या वापराने इथले विंचूदंशाचे मृत्यू नगण्य झाले. बालकर्करोगातही असेच स्थानिक ज्ञान लागणार आहे. केमो चालू असलेल्या मुलाचा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला आणि पांढऱ्या पेशी उतरलेल्या असल्या, तर पहिले अँटिबायोटिक शक्यतो तासाभरात शिरेतून जायला हवे. परळला पोचायला पाच-सहा तास लागतात. म्हणजे हा तास महाडला किंवा पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयातच मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी तिथल्या डॉक्टरांचा टाटाच्या फाइलशी परिचय हवा.

काही मुले वाचत नाहीत. त्यांच्या वेदना कशा कमी करायच्या, शेवटचे दिवस वाडीत काढायचे असतील तर मॉर्फिन तिथवर कसे न्यायचे, आणि नंतर त्या घराकडे कोण जाणार, हे प्रश्न या विषयाच्या मध्यभागी आहेत. त्यांना परिशिष्टात ढकलू नये. जी वाचतात त्यांचेही काम संपत नाही. टाटामध्ये १९९१ पासून उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो, कारण हृदय, वाढ, शिक्षण यांवरचे परिणाम वर्षांनी दिसू शकतात. गावी मात्र 'आता बरा आहे ना' म्हणून ती खेप बहुधा पहिली सुटते.

कुणी कुठून सुरुवात करावी? समाजकार्याच्या विद्यार्थ्याने एका कुटुंबाबरोबर वाडीपासून परळपर्यंत आणि परत असा प्रवास करावा; मुलाखती त्यानंतर. शिक्षकाने वर्गात परत येणाऱ्या, केस गेलेल्या मुलाच्या बाकापासून सुरुवात करावी, आणि तो येण्याआधी इतर मुलांशी बोलून ठेवावे. महाडच्या तरुण डॉक्टरांनी त्या पहिल्या तासापासून. आणि ज्यांच्या घरात आज उपचार चालू आहेत त्या आईबापांनी हे सगळे आत्ता वाचायची गरज नाही. घरात चालू स्थितीतला थर्मामीटर असू द्या, ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, आणि रुग्णालयाच्या समाजकार्यकर्त्याचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. बाकीचे सवडीने वाचा, आणि जिथे आमचे चुकले असेल तिथे आम्हाला सांगा.