यंत्ररथांचा रविवार

हैदराबादेतील कोठी हा भाग मराठी माणसाला अपरिचित नाही. विवेकवर्धिनीसारखी १९०७ साली स्थापन झालेली शिक्षणसंस्था याच परिसरात वाढली, आणि निजामी अमलात मराठी अक्षर जिवंत ठेवण्याचे पुष्कळसे कार्य येथील गल्ल्यांतूनच झाले. परंतु या भागाला नाव मिळाले ते एका परक्याच्या घरावरून. इंग्रजांचा रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने १८०३ च्या सुमारास मुसी नदीच्या उत्तर तीरावर जो विशाल प्रासाद बांधावयास घेतला, त्याला लोक कोठी म्हणू लागले. रेसिडेंट गेले, त्यांचे राज्य गेले. कोठी हे नाव मात्र राहिले.

येथून जवळच दुसरी एक कोठी आहे, ती किंग कोठी. कमालखान नावाच्या गृहस्थाच्या या वाड्यावर ठिकठिकाणी कोरलेली 'के. के.' ही आद्याक्षरे पुसणे अवघड, म्हणून सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यांचा अर्थच 'किंग कोठी' असा ठरवून टाकला, असे सांगतात. आमच्या आजच्या विषयाचा धागा या दुसऱ्या कोठीपर्यंत जातो. विषय आहे मोटारींचे, विशेषतः जुन्या आणि वेगवान मोटारींचे शौकीन आपली सुटी कशी घालवितात हा. देवालयांशी निगडित असलेल्या आमच्या वाचकवर्गाला तो प्रथमदर्शनी उथळ वाटेल. परंतु त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपणांस ओळखीचा असा एक धर्मही आहे.

या छंदाचा जन्म इंग्लंडात झाला, आणि गंमत अशी की त्याची सुईण कायदा ही होती. १८६५ च्या एका कायद्याने रस्त्यावरून स्वयंचलित गाडी न्यावयाची तर तिचा वेग गावाबाहेर ताशी चार मैल व गावात दोन मैल यांहून अधिक नसावा, आणि तिच्यापुढे साठ यार्डांवर एका माणसाने तांबडे निशाण घेऊन चालावे, असे बंधन घातले. निशाणाची अट पुढे शिथिल झाली, तरी पुढे चालणारा माणूस काही सुटला नाही. १८९६ साली नव्या कायद्याने तो माणूस दूर केला आणि वेगाची मर्यादा ताशी चौदा मैलांपर्यंत वाढविली. ज्या दिवशी हा कायदा अमलात आला, त्या १४ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडनच्या मोटारवाल्यांनी आपल्या गाड्या काढल्या आणि समुद्रकाठच्या ब्रायटन गावाची वाट धरली. त्या प्रवासाच्या स्मरणार्थ आजही नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, सूर्योदयाच्या सुमारास, १९०५ पूर्वीच्या मोटारी लंडनहून ब्रायटनला निघतात. निघण्यापूर्वी एक तांबडे निशाण विधिपूर्वक फाडले जाते. हा विधी म्हणजे यात्राच होय. मुहूर्त ठरलेला, मार्ग ठरलेला, आणि वाहन पूर्वजांचे.

वेगाची हौस मात्र यात्रेने भागत नाही. १९०३ च्या कायद्याने सार्वजनिक रस्त्यावर ताशी वीस मैलांची मर्यादा घातली, तेव्हा १९०७ साली लंडनजवळ ब्रुकलँड्स येथे केवळ शर्यतीसाठी पावणेतीन मैलांचा रस्ता बांधण्यात आला. येथे दोन वाटा स्पष्ट झाल्या: वेग हवा असेल तर त्याला वेगळी जागा, आणि सार्वजनिक रस्त्यावर यावयाचे असेल तर मर्यादेने.

आता हैदराबादेकडे वळू. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइस कंपनीची 'सिल्व्हर घोस्ट' जातीची एक मोटार मागविली. तिची बांधणी बार्कर या लंडनच्या कारागिरांची, रंग पिवळा, आणि आत राजाला बसण्यासाठी उंच सिंहासन. परंतु २९ ऑगस्ट १९११ रोजी महबूब अली खान निवर्तले आणि ती गाडी त्यांचे पुत्र उस्मान अली खान यांच्या वाट्याला आली. समारंभावाचून ती बाहेर निघत नसे. पुढील कित्येक दशकांत ती अवघे ३५६ मैल चालली असे सांगतात. उस्मान अली खान यांची काटकसर सर्वश्रुत आहे. १९६७ साली ते वारले, तेव्हा किंग कोठीच्या आवारात मोटारींचा मोठा ताफा होता, पण त्यांतील बहुतेक गाड्या जागच्या हलेनाशा झाल्या होत्या. त्यांच्या गादीवर आलेले नातू मुकर्रम जाह यांना दरबारापेक्षा यंत्रशाळा प्रिय होती. पुढे ऑस्ट्रेलियात मेंढपाळीच्या विस्तीर्ण जमिनीवर ते स्वतःच्या हातांनी इंजिने दुरुस्त करीत राहिले. १४ जानेवारी २०२३ रोजी इस्तंबूल येथे त्यांचा देहान्त झाला. ती पिवळी मोटार दुरुस्त होऊन आज चौमहल्ला प्रासादात प्रेक्षकांसाठी उभी आहे.

उभ्या असलेल्या मोटारी का मरतात, हे कोणताही जाणता मिस्त्री सांगेल. इंजिन बंद राहिले की तेल तळाशी उतरते, सिलिंडरच्या आत गंज चढतो, झडपा चिकटतात. एकाच जागी भार पडून टायर चपटे होतात. ब्रेकच्या तेलात हवेतील ओल उतरते. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनविलेलेच नव्हते, ते त्याने कुजते. म्हणजे उपेक्षा हाच मोटारीचा मुख्य शत्रू होय, वापर नव्हे.

हे ज्ञान भारतात टिकले ते राजवाड्यांत नव्हे, मध्यमवर्गाच्या अंगणात. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद झाली. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या मुंबईच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट, कलकत्त्याकडची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड एवढ्यांतच देशाची निवड आटोपत असे. परदेशी बनावटीची एखादी छोटी एम. जी. ज्याच्या घरी उरली असेल, त्याला सुटा भाग मिळणे म्हणजे देव भेटणे. म्हणून शौकिनाला कारागीर व्हावे लागले. न मिळणारा भाग लेथवर कातून घ्यावयाचा, एका गाडीचा पंप दुसरीला बसवावयाचा, कार्बुरेटर खोलून रॉकेलात धुवावयाचा, असे त्याचे रविवार जात. मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धकालीन धावपट्टीवर शर्यती भरत, तेथे याच साध्या फियाट, अँबॅसडर आणि हेरल्ड गाड्या घरच्या घरी तयार होऊन धावत.

आजही हैदराबादच्या शौकिनाचा शनिवार यंत्राखाली आणि रविवार यंत्रावर जातो. शनिवारी बॅटरी, प्लग, ब्रेक आणि तेल यांची तपासणी, सोबत एखादा वृद्ध मिस्त्री, ज्याच्या कानाला इंजिनाचा ताल कळतो. रविवारी कोठी-आबिद भागातील पदपथावरील जुन्या पुस्तकांत अवचित एखादे मोटारीचे जीर्ण माहितीपुस्तक हाती लागले तर तो आनंद निराळाच. पहाटे, रहदारी जागी होण्यापूर्वी, शहराबाहेर पडावयाचे. विकाराबादजवळचा अनंतगिरी हा डोंगर सुमारे ऐंशी किलोमीटरांवर. तेथे अनंतपद्मनाभस्वामींचे देवालय आहे आणि मुसी नदीचा उगमही. ज्या नदीच्या काठी कोठी उभी राहिली, जिने २८ सप्टेंबर १९०८ रोजी महापुराने हे शहर उद्ध्वस्त केले, तिच्या मुळाशी दर्शन घेऊन दुपारच्या आत परतावे, असा हा रमणीय मार्ग आहे.

या चित्राची काळी बाजू लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. याच शहराभोवतीच्या १५८ किलोमीटरांच्या बाह्यवर्तुळ मार्गावर मोकळा रस्ता पाहून गाडी बेफाम सोडणारेही आहेत, आणि तेही स्वतःस शौकीनच म्हणवितात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावणे हा गुन्हा ठरविते. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. संमतीची वाट बंद नाही. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी विजेवरील मोटारींची जागतिक शर्यत झाली, तीही रस्ते बंद करून आणि दोन्ही बाजूंस भिंती उभारूनच. ज्याला वेगाची परीक्षा पाहावयाची आहे त्याने असे रिंगण शोधावे. दुसऱ्याच्या जिवावर खेळला जाणारा वेग हा छंद नव्हे. तो अपराध आहे.

उलट, जतन करणाऱ्या शौकिनाला कायद्याने उशिरा का होईना, ओळख दिली. २०२१ साली केंद्राने जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा वा इंजिन यांत मोठा बदल न केलेली दुचाकी अथवा चारचाकी त्यांत येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षांची, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर पडू शकते.

वकिलाच्या नजरेने हा नियम वाचताना आम्हांस मंगेशीच्या माघी जत्रेतील रथाची आठवण झाली. रथ रोज फिरत नाही. परंतु ठरल्या दिवशी त्याला ओढावेच लागते. आणि ओढावयाचा म्हणून त्याचे चाक, आख, दोर आधी पाहावे लागतात, सुतार बोलवावा लागतो, आणि बापाच्या हाताखाली मुलगा ते काम शिकतो. उत्सव थांबला की प्रथम रथ कुजत नाही, प्रथम सुताराची विद्या लोपते. किंग कोठीतील मोटारींचे तेच झाले. त्यांना धनी होता, छप्पर होते, उत्सव नव्हता. म्हणून 'रोज वापरू नका, पण दुरुस्तीसाठी व फेरीसाठी काढा' असे म्हणणारा नियमकर्ता, कदाचित नकळत, आपल्या पूर्वजांचीच व्यवस्था सांगत आहे.

कोठीची ती मूळ वास्तूही अशाच संकटातून गेली. स्वातंत्र्यानंतर तेथे स्त्रियांचे महाविद्यालय आले. मुलींच्या वावराने ती कशीबशी जगली, तरी तिचे छत व जिने ढासळू लागले होते. अनेक वर्षांच्या परिश्रमांनंतर २०२३ साली तिचा जीर्णोद्धार होऊन ती पुन्हा उघडली. दगडचुन्याला जो नियम, तोच लोखंडाला. आपल्या घरी, वाड्यात वा देवळाच्या कोठारात एखादे जुने वाहन, घड्याळ किंवा रथ झाकून ठेवलेला असेल, तर त्यावरील कापड या रविवारी दूर करावे, आणि ते चालविणारा शेवटचा जाणकार हयात आहे तोवर त्याच्याजवळ घरातील एखादे मूल बसवावे.