ज्याँ-क्रिस्तॉफ : एका संगीतकाराची दशखंडी कथा

‘ज्याँ-क्रिस्तॉफ’ ही फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ (१८६६–१९४४) यांची दहा खंडांची कादंबरी. शार्ल पेगी यांच्या नियतकालिकातून ती १९०४ ते १९१२ या काळात क्रमाक्रमाने प्रसिद्ध झाली. दारिद्र्य, अवहेलना आणि परकेपणा सोसत वाढणारा जर्मन संगीतकार ज्याँ-क्रिस्तॉफ क्राफ्ट हा तिचा नायक होय. पहिल्या खंडाचे नाव ‘पहाट’, तर अखेरच्या खंडाचे ‘नवा दिवस’. एवढ्यावरूनही लेखकाची दिशा ध्यानात येते. रोलाँ यांना १९१५ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे या कादंबरीची कीर्ती प्रामुख्याने होती.

पार्श्वभूमी

रोलाँ यांचा जन्म फ्रान्समधील क्लामसी या गावी झाला. पियानोचे पहिले धडे त्यांना आईकडून मिळाले. पुढे ते पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात संगीताचा इतिहास शिकवीत. या कादंबरीची कल्पना तरुणपणी, रोममधील वास्तव्यात, त्यांच्या मनात रुजली होती. १९०३ मध्ये त्यांनी बेथोव्हनचे छोटेखानी चरित्र लिहिले आणि पुढच्याच वर्षी कादंबरीचे प्रकाशन सुरू झाले. ऱ्हाइनकाठचे गाव, दरबारी संगीतकारांचे घराणे, मद्यपी पिता आणि कोवळ्या वयात अंगावर पडलेला संसार या खुणा बेथोव्हनच्या बालपणाची आठवण करून देतात. तथापि हे चरित्र नव्हे. क्रिस्तॉफ हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या युरोपातील माणूस आहे. १८७०–७१ च्या युद्धानंतर जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात जे वैर धुमसत होते, त्याच्या सावलीत त्याचे आयुष्य जाते.

कथानक

क्रिस्तॉफचे आजोबा दरबारी वाद्यवृंदाचे प्रमुख, वडील मेल्किओर व्हायोलिनवादक आणि आई लुइझा पूर्वाश्रमीची स्वयंपाकीण. मुलाच्या अंगची प्रतिभा दिसताच वडील त्याला मारून-मुटकून पियानोपुढे बसवतात आणि दरबारात त्याचे प्रदर्शन मांडतात. कौतुकाने फुगलेल्या या मुलाला जमिनीवर आणतो तो त्याचा मामा गॉटफ्रीड, गावोगाव फिरून किरकोळ वस्तू विकणारा एक साधा फेरीवाला. मोठे म्हणवून घेण्यासाठी रचलेले गाणे खोटे असते, सांगण्यासारखे काही असेल तरच गावे, हा धडा तो मुलाला देतो. क्रिस्तॉफच्या पुढील सगळ्या वाटचालीचे मूळ या एका प्रसंगात आहे.

वडिलांच्या व्यसनामुळे क्रिस्तॉफला पोरवयातच घर सांभाळावे लागते. तारुण्यात तो प्रस्थापित संगीतातील दांभिक भावुकतेवर उघड टीका करतो आणि सारे गाव त्याच्यावर उलटते. एका खेड्यात सैनिकांशी झालेल्या मारामारीत सापडल्याने त्याला देश सोडून पॅरिस गाठावे लागते. तिथे उपासमार आहे, शिकवण्या आहेत आणि कलेचा बाजार मांडून बसलेले लोक आहेत. जर्मनीत बंडखोर ठरलेला हा तरुण फ्रान्समध्ये परका ठरतो.

अशा वेळी त्याला कवी ओलिव्हिए भेटतो. ओलिव्हिएची दिवंगत बहीण आन्तुआनेत पूर्वी जर्मनीत शिक्षिका होती. नाट्यगृहात क्रिस्तॉफच्या शेजारी बसल्याचे निमित्त होऊन तिची नोकरी गेली होती. भावाच्या शिक्षणासाठी झिजत ती क्षयाने मरण पावली. तिची कहाणी सांगणारा खंड कादंबरीतील अत्यंत हृद्य भाग मानला जातो. एक दांडगा जर्मन आणि एक नाजूक प्रकृतीचा फ्रेंच एकाच बिऱ्हाडात राहू लागतात आणि क्रिस्तॉफला प्रथमच आपले माणूस लाभते. पुढे मे दिनाच्या दंगलीत ओलिव्हिए मारला जातो. क्रिस्तॉफच्या हातूनही एका पोलिसाची हत्या होते आणि त्याला स्वित्झर्लंडला पळावे लागते. तिथे एका अनैतिक प्रेमाच्या वावटळीत तो उद्ध्वस्त होतो, त्याचे संगीतही मुके होते. डोंगरातील एकांतात ते हळूहळू परत येते. उत्तरायुष्यात इटालियन मैत्रीण ग्रात्सियाचा शांत स्नेह त्याला सावरतो. तिची मुलगी आणि ओलिव्हिएचा मुलगा यांचे लग्न ठरलेले पाहून, आपल्यामागे काहीतरी जोडले गेले या समाधानात तो डोळे मिटतो. खांद्यावर बालकाला घेऊन रात्रभर नदी ओलांडणाऱ्या संत क्रिस्तॉफरच्या प्रतिमेने कादंबरी संपते. पैलतीरी उजाडते तेव्हा कळते, की ते ओझे म्हणजे उगवणारा दिवसच होता.

वैशिष्ट्ये आणि मर्यादा

रोलाँ यांनी या कथेला नदीची उपमा दिली होती. अनेक खंडांतून वाहणाऱ्या दीर्घ कादंबरीला फ्रेंच समीक्षेत ‘नदी-कादंबरी’ म्हणतात, त्या प्रकाराचे हे आद्य उदाहरणांपैकी एक होय. नायकाला यश मिळते की नाही, यापेक्षा तो कुणाचा होतो, हा तिचा खरा प्रश्न आहे. क्रिस्तॉफला आसरा मिळतो तो राष्ट्रात वा दरबारात नव्हे, तर फेरीवाला मामा, आजारी कवी आणि शेजारची साधी माणसे यांच्यात.

दोषही आहेत. पॅरिसच्या कलाविश्वावरील खंडात कथा थांबते आणि प्रबंध सुरू होतो. संपूर्ण समाजांविषयी काढलेले सरसकट निष्कर्ष आजच्या वाचकाला खटकतात. शैली पुष्कळदा पाल्हाळिक होते.

प्रभाव आणि भारताशी नाते

अखेरचा खंड प्रसिद्ध झाल्यावर दोनच वर्षांत पहिले महायुद्ध पेटले आणि क्रिस्तॉफ व ओलिव्हिए यांचे देश एकमेकांवर तुटून पडले. युद्धज्वराविरुद्ध लिहिल्याबद्दल रोलाँ यांना मायदेशात देशद्रोही म्हणून हिणवले गेले. आपल्या नायकाच्या वाट्याला आलेले परकेपण असे लेखकाच्याही वाट्याला आले.

रोलाँ यांनी पुढे महात्मा गांधी, रामकृष्ण परमहंस आणि स्वामी विवेकानंद यांची चरित्रे लिहिली. बेथोव्हनच्या संगीताच्या ओढीने त्यांच्याकडे आलेल्या मॅडेलिन स्लेड यांना त्यांनीच गांधीजींविषयी सांगितले. त्या १९२५ मध्ये भारतात आल्या, मीराबेन झाल्या आणि पुढे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात राहिल्या. डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये रोलाँ यांच्या घरी उतरले, तेव्हा रोलाँ यांनी त्यांना पियानोवर बेथोव्हन ऐकवला. संगीताने परक्याला आपले करावे, ही कादंबरीतील श्रद्धा त्या घरात काही क्षण प्रत्यक्षात उतरली होती.