लकव्यानंतरची आग : एका दुखण्याचा आणि विजेच्या उपचाराचा इतिहास



आज आम्ही एका दुखण्याचा इतिहास सांगणार आहोत. अंगावरून वारं गेलं, लकवा मारला, असं आपण म्हणतो. डॉक्टर त्याला स्ट्रोक म्हणतात. मेंदूतली रक्ताची नळी तुंबते किंवा फुटते आणि अर्धं अंग लुळं पडतं. हा म्हातारपणाचाच आजार नाही. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे, आणि त्या आजारात लहान वयातही लकवा येऊ शकतो.

पुढे हात थोडा हलू लागतो, बाई चार पावलं टाकते, घरचे सुटकेचा श्वास घेतात. पण काही जणींना काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, त्याच बाजूला आग सुरू होते. पदर नुसता लागला तरी झोंबतो. गार पाण्याने चटका बसल्यासारखं होतं. हाताला जखम नाही, सूज नाही, फोटो काढला तर हाड चांगलं. मग घरात कुजबुज होते, "कामं टाळायला सोंग करते." कुणी भगताकडे नेतं, कुणी तापल्या सळईने डाग देतं.

हे सोंग नाही, हे डॉक्टरांनी पुराव्यासह मांडायला १९०६ साल उजाडलं. पॅरिसमध्ये ज्यूल देजरीन आणि गुस्ताव रुसी या दोन डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या तक्रारी नीट ऐकून लिहून ठेवल्या. रुग्ण वारल्यावर त्यांचे मेंदू तपासले. मेंदूच्या आत खोलवर थॅलॅमस नावाचा भाग असतो. अंगभरातून येणारे स्पर्शाचे, थंडीचे, दुखण्याचे निरोप तिथे येतात आणि पुढे जातात. बिघाड तिथे सापडला. देजरीन यांच्या पत्नी ऑगस्टा याही मेंदूच्या डॉक्टर होत्या. बायकांना पॅरिसच्या रुग्णालयांत शिरकाव मिळणं अवघड होतं, त्या काळात त्यांनी तो मिळवला आणि मेंदूच्या रचनेवरचा मोठा ग्रंथ पतीबरोबर तयार केला.

म्हणजे काय, तर हात ठीक असतो, पण हाताचा निरोप घेणारी जागा बिघडलेली असते. आपला रेडिओ खराब झाला की स्टेशन चांगलं चालू असूनही खरखर ऐकू येते, तसंच हे. म्हणून त्या हाताला चोळून, शेकून, डाग देऊन आग विझत नाही. उलट त्या बाजूला गरम-थंड नीट कळत नसतं, म्हणून गरम विटेने कातडी भाजते आणि बाईला ते उशिरा समजतं.

बिघाड मेंदूच्या आतल्या निरोपांत असेल, तर तो विजेने दुरुस्त होईल का? दुखण्यावर वीज वापरण्याची कल्पना फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य होता. समुद्रात विजेचा झटका देणारा एक मासा असतो. तो जिवंत मासा डोकेदुखीवर डोक्याला लावायचा आणि जागा बधिर होईपर्यंत ठेवायचा, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

मेंदूला थेट वीज लावण्याचा मोठा प्रयोग बर्लिनमध्ये १८७० साली कुत्र्यांवर झाला. फ्रिट्श आणि हिट्सिग या दोघांनी दाखवलं की मेंदूच्या एका ठरावीक जागी हलका प्रवाह दिला की ठरावीक पाय हलतो. चारच वर्षांनी हा प्रयोग माणसावर झाला, आणि ते माणूस एक गरीब बाई होती. तिचं नाव मेरी रॅफर्टी.

मेरी आयर्लंडमधून अमेरिकेत आलेली, लोकांच्या घरी काम करणारी. डोक्यावरच्या जखमेने तिची कवटी पोखरून मेंदू उघडा पडला होता. १८७४ साली सिनसिनाटी शहरात डॉक्टर बार्थोलो यांनी तिच्या मेंदूत सुया घालून वीज सोडली. हातपाय हलले. मग त्यांनी प्रवाह वाढवला. ती रडली, तिला आकडी आली आणि थोड्याच दिवसांत ती गेली. तिने हो म्हटलं होतं, असं डॉक्टरांचं म्हणणं. पण तिची बुद्धी मंद आहे, असंही त्यांनीच लिहिलं होतं. मग तो होकार कसला? तेव्हाच्या डॉक्टरांनीही त्यांच्यावर टीका केली. मैत्रिणींनो, हे नाव आपण लक्षात ठेवू या. कागदावर अंगठा घेण्याआधी समजावून सांगावं लागतं, त्या नियमामागे अशा बायांचे जीव आहेत.

पुढे कॅनडात मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांशी बोलत बोलत मेंदूचा नकाशा काढला. वीज कुठे लागली की काय जाणवतं, हे रुग्णच सांगत होते. तिथेच शिकलेले डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ साली वेल्लोरला भारतातला पहिला मेंदू-शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला.

लकव्यानंतरच्या आगीवर मोठं पाऊल १९९१ साली जपानमध्ये पडलं. डॉ. त्सुबोकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या आवरणावर पातळ पट्टी ठेवली, आणि छातीच्या कातडीखालच्या छोट्या यंत्रातून तिला मंद प्रवाह दिला. नवल असं की स्पर्श ओळखणाऱ्या भागापेक्षा हातपाय हलवणाऱ्या भागाला प्रवाह दिल्यावर काही रुग्णांची आग कमी झाली.

डोकं न उघडता हेच करण्याची वाट त्याआधीच निघाली होती. १९८५ साली इंग्लंडच्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी डोक्याजवळ तारेचं वेटोळं धरून चुंबकाच्या जोराने मेंदूत प्रवाह तयार केला आणि हात हलवून दाखवला. आज अशी यंत्रं आपल्या देशातल्या मोठ्या शहरांत आहेत. मेंदूत खोल तार बसवण्याची शस्त्रक्रिया मुंबईच्या जसलोक रुग्णालयात गेल्या शतकाच्या अखेरीपासून होते आहे, पण ती मुख्यतः कंपवातासाठी.

आता खरं ते सांगतो. हे उपचार सगळ्यांना लागू पडत नाहीत. चुंबकाचा आराम काही दिवस किंवा आठवडे टिकतो, पुन्हा पुन्हा जावं लागतं. शस्त्रक्रियेत धोकाही आहे आणि खर्चही. म्हणून डॉक्टर आधी गोळ्या देतात. त्यातली अमिट्रिप्टिलीन नावाची साधी गोळी या दुखण्यावर काम करते, हे १९८९ साली स्वीडनमध्ये तपासलं गेलं. गोळी डॉक्टरच ठरवतात. शेजारणीची चिठ्ठी दाखवून ती घेऊ नका. बाजारात विजेचा पट्टा किंवा टोपी विकून लकवा घालवतो म्हणणारा आला, तर पैसे देऊ नका.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून मुंबई लांब आहे, हे आम्हालाही माहीत आहे. पण या इतिहासातली पहिली पायरी आपल्या ओट्यावर चढता येते, आणि तिला पैसे लागत नाहीत. पॅरिसच्या डॉक्टरांनी प्रथम रुग्णाचं ऐकलं होतं, यंत्रं सगळी नंतर आली. तुमच्या गटात लकव्यातून उठलेली कुणी ताई, काकू, आजी असेल तर तिला विचारा, "त्या बाजूला आग होते का? गार पाणी सोसतं का?" ती हो म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवा. आशाताईंना सांगा, आणि दवाखान्यात तिच्याबरोबर जा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "लकव्यानंतर ही आग सुरू झाली." तपासणाऱ्याला हे एक वाक्य फार उपयोगी पडतं.

आणि तिच्या घरी, तिच्या सुनेला आणि मुलाला एवढं जरूर सांगा, की हे दुखणं खरं आहे.