चौकटीबाहेर राहिलेली माणसं

मागे एका निसर्ग-छायाचित्रांच्या प्रदर्शनात आम्ही एका चित्रासमोर बराच वेळ उभे होतो. महाडकडचा पावसाळी डोंगर, अर्ध्यावर उतरलेलं धुकं, रेशमासारखा ओघळणारा धबधबा. माणूस कुठेच नाही. चित्र सुंदर होतं, हे आधीच सांगतो. पण मनात आलं, या डोंगरातली माणसं गेली कुठे?

उत्तराचा एक धागा छायाचित्रणाच्या इतिहासात आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आपल्याकडच्या सुरुवातीच्या छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळी काचेवर रसायन लावायचं, काच ओली असतानाच चित्र घ्यायचं आणि लगेच धुवायचं. चित्र उमटायला बरेच सेकंद लागत. डोंगर हलत नाही, तो नीट उमटे. चालता माणूस पुसट होई, नाहीतर दिसतच नसे. म्हणजे बघा, निर्मनुष्य निसर्ग हा बऱ्याच अंशी यंत्राचा नाइलाज होता. पुढे त्याचीच आवड झाली.

अमेरिकेत कार्लटन वॉटकिन्सने १८६१ मध्ये योसेमिटी दरीची भव्य छायाचित्रं काढली. ती न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली, लोक भारावले, आणि १८६४ मध्ये लिंकनच्या सहीने दरीला संरक्षण मिळालं. चांगलंच झालं. पण लोकांना अस्पर्श वाटलेल्या त्या दरीतून मूळ रहिवाशांना १८५१ मध्येच सशस्त्र पलटणीने हुसकावलं होतं. ते चित्रात कसं दिसणार?

आता आपल्या महाडला या. चवदार तळ्याचा पहाटेचा फोटो काढला, तर शांत पाणी आणि त्यात आकाश. निव्वळ निसर्ग! पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह इथलं पाणी प्यायले, हे ठाऊक असलं की तेच पाणी वेगळं दिसतं. त्याआधी ते कोणाला घेता येत नव्हतं, हे चौकटीत मावत नाही.

आम्ही आयुष्यभर कांट शिकवला. १७९० च्या ग्रंथात तो म्हणतो, कोसळू पाहणारे कडे, वादळी ढग, उंच धबधबे आपल्याला उदात्त वाटतात. अट एकच, आपण स्वतः सुरक्षित असलो पाहिजे. वर्गात ही अट आम्ही एका वाक्यात उरकत असू. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली. पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही कोसळली. हिरव्या डोंगराच्या पायथ्याशी ज्यांचं घर, त्यांना कांटची अट कुठून पुरी करता येणार? आम्हाला ती अट खरी कळली ती तेव्हा, निवृत्तीनंतर.

म्हणून प्रदर्शनं बघू नका, असं आम्ही म्हणत नाही. जरूर बघा. डोळे निवतात, आणि जे आवडतं ते जपावंसंही वाटतं. फक्त चित्राखालची पाटी वाचा. तिच्यावर गाव नसेल, तारीख नसेल, तर विचारा: हा डोंगर कुठल्या वाडीवरचा?

त्या दिवशी पाटीवर ‘मान्सून, क्रमांक ४’ एवढंच होतं. आम्ही छायाचित्रकाराला विचारलं. वाडीचं नाव त्याला चटकन आठवलं. पाटीवर लिहायचं तेवढं सुचलं नव्हतं.