वाढत्या अंगाचं माप

वैद्यकाच्या इतिहासावर बोलायला तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक कशाला, असं कुणाच्या तरी मनात आलंच असेल. मी डॉक्टर नाही, म्हणजे पीएच. डी. आहे, पण त्याचा तापाला काही उपयोग होत नाही. मात्र 'तुलना' हा आमच्या विषयातला जुना प्रश्न आहे, आणि तो मला अनपेक्षितपणे माझ्या नातवाच्या एका रिपोर्टात भेटला.

नातू तेव्हा तीन वर्षांचा, वजन ११ किलो, उंची ८८ सेंटिमीटर. पाच दिवस ताप उतरेना, डोळे लाल, ओठ फुटलेले. कावासाकी आजाराची शंका आली. तोमिसाकू कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी १९६७ साली पन्नास मुलांच्या नोंदींवरून हा आजार मांडला. यात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुगू शकतात. पहिल्या इकोमध्ये डावीकडची पुढची धमनी २.८ मिलिमीटर निघाली. एका डॉक्टरांनी सांगितलं, तीनच्या आत आहे, म्हणजे नॉर्मल. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका बाईंनी तेच आकडे घेतले, वजन-उंची विचारली, आणि म्हणाल्या, "सर, एवढ्याशा मुलाला ही धमनी मोठी आहे." औषध त्याच दिवशी सुरू झालं. ते पहिल्या दहा दिवसांत द्यावं लागतं.

आकडा तोच, धमनी तीच. मग एकाला नॉर्मल आणि दुसऱ्याला आजार कसा दिसला? पहिला नियम जपानमध्ये १९८४ साली ठरलेला होता: पाच वर्षांखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर धमनी फुगलेली, पाचच्या पुढे ४. नियम सोपा, लक्षात राहणारा. पण त्याचा अर्थ काय होतो बघा. साडेतीन मिलिमीटरची धमनी पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री आजारी, आणि सकाळी केक कापला की बरी! आणि दोन महिन्यांचं बाळ न् पावणेपाच वर्षांचा मुलगा, दोघांना एकच फूटपट्टी.

इथे गुलमंडीत शाळा उघडायच्या दिवसांत गणवेशाच्या दुकानात उभे राहा. वडील म्हणतात, "वाढत्या अंगाचा द्या." दुकानदार वय ऐकतो, पण कापड मुलाच्या खांद्याला लावून बघतो. वय हे माप नव्हे, हे त्याला ठाऊक असतं. आता अडचण अशी की हृदयाच्या बाबतीत खांदा कुठला धरायचा? वजन, उंची की आणखी काही?

वजनाने भागावं, हे पहिल्यांदा सुचतं. पण गॅलिलिओने १६३८ मध्येच दाखवलं होतं की आकार वाढला की पृष्ठभाग वर्गाने आणि घनफळ घनाने वाढतं. सगळं एकाच पटीत वाढत नाही. १८८३ मध्ये मॅक्स रुबनर या जर्मन शास्त्रज्ञाने लहान-मोठे कुत्रे घेऊन मोजलं, की विश्रांतीत शरीर किती उष्णता खर्च करतं. किलोमागे लहान कुत्रा जास्त खर्च करायचा, पण कातडीच्या चौरस मीटरमागे हिशेब जवळजवळ सारखा यायचा. म्हणून कातडीचं क्षेत्रफळ हे माप मानलं गेलं.

पण कातडी मोजायची कशी? न्यूयॉर्कचे दोन चुलतभाऊ, डेलाफील्ड आणि यूजीन ड्यूबॉईस. त्यांनी माणसांना घट्ट कपडे घातले, वर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, मेण ओतलं, मग तो साचा कापून सपाट केला, फोटोच्या कागदावर त्याचा छाप घेतला, आणि तो कागद कापून वजन केलं. शिंपीकामच की हे! १९१६ चं त्यांचं सूत्र उभं राहिलं नऊ माणसांवर, आणि त्यांत मुलं जवळपास नव्हतीच. तरी ते जगभर चाललं. १९२९ मध्ये आर्थर ग्रोलमन यांनी हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलतं याला या क्षेत्रफळाने भागलं, आणि तेव्हापासून 'इंडेक्स' हा शब्द हृदयाला चिकटला.

१९४९ साली जेम्स टॅनर यांनी या भागाकारावरच बोट ठेवलं. मुलांच्या वाढीवर पुढे आयुष्य घालवलेले हेच ते टॅनर. त्यांचं म्हणणं असं: एका गोष्टीला दुसरीने भागता, तेव्हा तुम्ही गृहीत धरता की दोघींचा आलेख सरळ रेषा आहे आणि ती रेषा शून्यातूनच निघते. तसं नसेल, तर लहान शरीराचा माणूस उगाच एका बाजूला ढकलला जातो, मोठ्या शरीराचा दुसऱ्या. दोघेही धडधाकट असतात; आजार असतो तो आपल्या भागाकाराला. मला हा निबंध तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावासा वाटतो.

स्वतःच करून बघा. नवजात बाळ ३ किलो, ५० सेंटिमीटर. १९८७ मधलं मोस्टेलर यांचं सोपं सूत्र घ्या: उंची गुणिले वजन, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. क्षेत्रफळ येतं ०.२० चौरस मीटर. मोठा माणूस ६० किलो, १६५ सेंटिमीटर, क्षेत्रफळ १.६६. वजन वीस पट, कातडी आठ पट. आता महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप: बाळाची समजा ७ मिलिमीटर, मोठ्याची २०. क्षेत्रफळाने भागा. बाळाला ३५, मोठ्याला १२! बाळाची झडप तिप्पट रुंद म्हणायची का? रुंदी ही रेषा आहे आणि कातडी हा वर्ग. दोन्हींची जात वेगळी. क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागा, दोघांनाही साडेपंधरा. बोस्टनचे कोलन आणि त्यांचे सहकारी स्लुइसमान्स यांनी २००५ मध्ये हेच तत्त्व हृदयाच्या वेगवेगळ्या मापांना लावून दाखवलं.

यातूनच झेड स्कोअर रूढ झाला. एवढ्या अंगाच्या निरोगी मुलांची सरासरी काय, त्यांच्यात फरक किती, आणि हे मूल त्या फरकाच्या किती पट दूर, एवढंच तो सांगतो. कावासाकीसाठी अमेरिकेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात अडीचपासून पुढे फुगा मानतात, दहापासून महाकाय. नातवाचा अडीचच्या बराच वर होता.

पण इथे सगळं सुटलं असं समजू नका. 'निरोगी मुलं' म्हणजे कुणाची मुलं? २०१७ मध्येच उत्तर अमेरिकेतल्या ३,२१५ निरोगी मुलांची मापं प्रसिद्ध झाली. त्यांत वंश किंवा मुलगा-मुलगी यानं उपचार बदलावा एवढा फरक पडला नाही. चांगली गोष्ट आहे. मात्र आपल्याकडे क्षेत्रफळाच्या आतच घोळ आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातल्या साउदम्प्टनची ३.५. पण सगळे अवयव सारखेच कमी नव्हते. स्नायू कमी, पोट लहान, आणि कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. म्हणजे बाहेरून मोजलेलं अंग तेवढंच, आत भरलेलं वेगळं. मग हृदयाने कुणाची गरज भागवायची, चरबीची की स्नायूची?

कुपोषित मूल घ्या. वजन घटलं की क्षेत्रफळ घटतं, आणि न बदललेली धमनीही आकड्यात मोठी दिसू लागते. लठ्ठ मूल उलट. त्याच्या वाढलेल्या कातडीत जाड झालेलं हृदय लपून जातं. म्हणून द सिमोने आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हृदयाच्या वजनासाठी उंचीचा २.७ वा घात सुचवला. मोठ्यांना तो बरा चालला. पण २००९ मध्ये खुरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नऊ वर्षांखाली तोही पुरत नाही. भागाकार करूनही आकडा वयाबरोबर बदलतच राहतो, म्हणून लहानांना वयानुसार वेगळे तक्ते हवेत. सूत्रं आपण मोठ्यांवर बेततो आणि मुलांना आखूड करून घालतो, असं मला हे वाचताना वाटत राहिलं.

नातू आता सात वर्षांचा आहे, धमनी पूर्ववत आहे. दरवर्षी इको होतो. गेल्या वेळी घाईत त्याला बूट काढायला सांगायचं राहिलं होतं. मीच म्हटलं, आधी बूट काढा, मग उंची घ्या. तंत्रज्ञ हसला, पण त्यानं परत मोजली. रिपोर्टावर वजन, उंची आणि कुठलं सूत्र वापरलं ते लिहिलंय का, हेही मी आता बघतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असे कागद असतील तर पुढच्या वेळी सोबत घेऊन या, चहाच्या वेळात बघू. आता प्रश्न असतील तर घेतो.