मेणातले फुप्फुस

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रुमालात बांधलेली दप्तरे येतात, बखरी येतात, ताम्रपट येतात. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला फुप्फुसाचा लहानसा तुकडा हेही अस्सल साधन असू शकते, हे सहसा ध्यानात येत नाही.

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातल्या कॅम्प जॅक्सन या लष्करी छावणीत २१ वर्षांचा एक सैनिक २६ सप्टेंबर १९१८ रोजी इन्फ्लुएन्झाने वारला. शवविच्छेदनात काढलेले त्याच्या फुप्फुसाचे तुकडे फॉर्मालिन व पॅराफिनच्या आधारे टिकवून लष्कराच्या वैद्यकीय संग्रहात जमा झाले. त्या संग्रहालयाची स्थापना १८६२ची, यादवी युद्धाच्या धामधुमीतली. नमुना आणि त्याचे टिपण यांची ताटातूट होऊ द्यायची नाही, हा तिथला खरा वारसा.

आजच्या प्रयोगशाळेत असा तुकडा प्लास्टिकच्या जाळीदार कॅसेटमध्ये ठेवतात आणि तिच्या तिरप्या कडेवर क्रमांक घालतात, तोही पेन्सिलीने किंवा खास शाईने. कारण पुढच्या अल्कोहोल-झायलिनच्या स्नानांत साधी शाई वाहून जाते. क्रमांक गेला की उरते ते केवळ मांस. पोथीचे शेवटचे पान हरवल्यावर लेखक, लेखनिक आणि काळ यांबाबत आपण जसे चाचपडू लागतो, तशीच ही अवस्था.

त्या सैनिकाचे टिपण लिहिणाऱ्याला विषाणू ठाऊक नव्हता. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू १९३३ साली सापडला. १९१८ साली अनेक वैद्य एका जिवाणूला दोषी धरत होते. ती उपपत्ती पुढे कोसळली. टिपणातील तारखा आणि निरीक्षणे मात्र शाबूत राहिली. जेफरी टॉबेनबर्गर, ॲन रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हा संग्रह धुंडाळला, तेव्हा आजारपणानंतर लवकर दगावलेले रुग्ण त्यांना निवडता आले ते अशाच नोंदींमुळे. या सैनिकाचे डावे फुप्फुस न्यूमोनियाने पुरते ग्रासले होते. उजव्यात रोग नुकताच सुरू झालेला होता. विषाणू फुप्फुसात काही दिवसच टिकतो. त्याचे अवशेष मिळाले ते उजव्या बाजूच्या तुकड्यात. १९९७ साली ते प्रसिद्ध झाले, आणि आणखी नमुन्यांच्या साह्याने २००५पर्यंत संपूर्ण जनुकीय संहिता वाचून झाली.

श्रेय अर्थातच नव्या तंत्राला मिळाले. ते योग्यच, पण मला तो अनाम कारकून अधिक मोठा वाटतो (साहित्याच्या अभ्यासकाचा हा पक्षपात असेल). आपण नेमके काय जपतो आहोत हे ठाऊक नसताना त्याने ते नीट जपले.

ज्या लष्करी संस्थेकडे पुढे हा संग्रह आला, ती २०११ साली बंद झाली. ठोकळे आणि नोंदी एका नव्या केंद्राच्या स्वाधीन झाल्या, एकमेकांसोबतच.