केबल आणि ओंडका

आज ब्रेकपॉइंट म्हणजे प्रोग्राम जिथे थांबवायचा, त्या कोडच्या ओळीशेजारचा लाल ठिपका. त्याचं मूळ मात्र फिलाडेल्फियातल्या एनिॲकच्या केबलींत आहे. 1946 साली जगापुढे आलेल्या या यंत्रात प्रोग्राम केबली जोडून मांडत. एका युनिटचं काम संपलं की केबलीतून पल्स जाई आणि पुढचं युनिट कामाला लागे. मधली केबल उपसली की गणित तिथेच थांबे. मग निऑनचे इवलेसे दिवे वाचून आकडे हाती केलेल्या गणिताशी ताडून बघायचे. या युक्तीचं श्रेय एनिॲकच्या प्रोग्रामर बेटी स्नायडर, म्हणजे पुढच्या बेटी होल्बर्टन यांना दिलं जातं.

बिघाड शोधायचं दुसरं साधन म्हणजे 'लॉग', प्रोग्रामने चालता चालता केलेली नोंद. त्याचं कूळ दर्यावर्दी. लॉग म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. गाठी मारलेल्या दोरीला लाकूड बांधून जहाजामागे सोडत आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईतो किती गाठी सुटल्या ते मोजत. तो वेग ज्या वहीत उतरवत, ती लॉगबुक. हीच वही पुढे संगणकाच्या खोलीत आली. सप्टेंबर 1947 मध्ये हार्वर्डच्या मार्क टू यंत्राच्या रिलेत सापडलेली पाकोळी अशाच वहीत चिकटवलेली आहे.

थांबवावं की नोंदवावं, हा पेच केंब्रिजच्या एडसॅक या संगणकावर लवकरच उभा राहिला. एकेक आज्ञा चालवून पडद्यात डोकावत बसलं, तर एकुलतं एक यंत्र अडून राही. तिथल्याच स्टॅन्ली गिल यांनी 1951 साली वेगळी वाट मांडली: प्रोग्राम चालता चालता त्याच्या आज्ञांची अक्षरं कागदावर छापून घ्यायची आणि चूक टेबलाशी बसून शोधायची.

माझी निवडही थांबवणं परवडतं का, याच कसोटीवर ठरते. बिघाड माझ्या मशीनवर हुकमी घडत असेल, तर मी ब्रेकपॉइंट लावते. न सुचलेली व्हेरिएबल्सही उघडून बघता येतात. पण एकाच वेळी चालणारे दोन थ्रेड एकमेकांच्या पायात येत असतील, तर एकाला थांबवताच वेळेचं गणित बदलतं आणि बग दडी मारतो. ग्राहकाचा व्यवहार रात्री दोनला फसला असेल, तर थांबवायला काही उरलेलंच नसतं. तिथे लॉगच बोलतो.

केबल शंका आल्यावर उपसता येते; वही मात्र आधीच उघडलेली लागते. म्हणून कोड सर्व्हरवर जाण्याआधीच ऑर्डर क्रमांक, रक्कम आणि कोडने घेतलेली वाट या तीन गोष्टी मी लॉगमध्ये घालते.